टेबलबेसचे उत्तर आणि त्याचा प्रश्न
राजे धरून सातच मोहरी उरली की बुद्धिबळाचा प्रोग्राम चुकूच शकत नाही, असा समज आहे. त्यामागे टेबलबेस (मात झालेल्या स्थितीपासून उलटे जात प्रत्येक स्थितीचा काढून ठेवलेला निकाल) असतो. पावकी पाठ असलेला दुकानदार आकडेमोड करत नाही, तसा प्रोग्राम इथे उत्तर नुसते उचलतो. उत्तर खरेच असते. प्रश्न कोणता, ते पाहावे लागते. जुन्या नालिमोव्ह टेबलबेसने पन्नास चालींचा नियम (तेवढ्यात प्यादे हलले नाही, मारामारी झाली नाही तर बरोबरी मागता येते) धरला नव्हता. म्हणून दोन घोडे विरुद्ध प्यादे यातले काही ‘विजय’ पटावर बरोबरीतच सुटतात. नियम धरला की झाले, असे कोणी म्हणेल. सिझिजी टेबलबेसने तो धरलाही. पण हत्ती-उंट विरुद्ध हत्ती अशा बरोबरीत कोणती चाल प्रतिस्पर्ध्याला जड जाईल, हे तो सांगत नाही. ते प्रोग्रामलाच ठरवावे लागते.