किती वाजले? आणि किती वेळ लागला?

वळिवाचे दिवस आहेत. तुम्ही शेताच्या बांधावर उभे आहात. दूर डोंगराकडे वीज चमकते आणि थोड्या वेळाने गडगडाट ऐकू येतो. मंडळी, या दोहोंमध्ये किती सेकंद गेले, हे कधी मोजून पाहिले आहे का? उजेड आपल्याला तत्काळ दिसतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर अंतर तोडायला सुमारे ३ सेकंद लागतात. म्हणजे ९ सेकंद मोजले, तर वीज ३ किलोमीटरांवर होती असे समजावे. आणि झाडाचा आडोसा न धरता तडक पक्के घर गाठावे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता असे पाहा, आपले साधे घड्याळ 'किती वाजले?' एवढेच सांगते. 'किती वेळ लागला?' हा प्रश्न निराळा. त्यासाठी हवा तेव्हा सुरू होणारा, हवा तेव्हा थांबणारा आणि पुन्हा शून्यावर येणारा जादा काटा लागतो. नेहमीच्या काट्यांबरोबर असा काटा असलेल्या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. शर्यतीच्या वेळी गुरुजींच्या हातात दिसणारे स्टॉपवॉच आणि मनगटी घड्याळ एकाच डबीत बसवले म्हणा ना!

क्रोनोग्राफ या ग्रीक शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा'. आणि पूर्वी तो खरोखरच लिहीत असे. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यती झाल्या. तेथे निकोला रिऊसेक या कारागिराने एक पेटीसारखे घड्याळ आणले. त्याची तबकडी फिरत असे, आणि घोडा निशाणाजवळून गेला की कळ दाबताच तिच्यावर शाईचा ठिपका उमटे. पुढे पुष्कळ वर्षे हाच पहिला क्रोनोग्राफ मानला जाई. पण लुई म्वाने या दुसऱ्या एका फ्रेंच कारागिराने ग्रहताऱ्यांच्या वेधासाठी १८१६ मध्येच असे घड्याळ पुरे केले होते, ही गोष्ट २०१३ साली जगापुढे आली.

काटा क्षणात शून्यावर कसा येतो? याची युक्ती मोठी गमतीची आहे. काट्याच्या आसावर पिंपळपानाच्या आकाराची एक छोटी चकती असते. कळ दाबली की एक दांडी तिच्या कडेवर जोराने टेकते. चकती कोणत्याही स्थितीत असो, दांडी कडेवरून घसरत पानाच्या खोबणीतच येऊन बसते, आणि काटा शून्यावर! या युक्तीचे पेटंट अडॉल्फ निकोल याने १८४४ मध्ये घेतले. आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही हेच पिंपळपान असते.

विसाव्या शतकात हे घड्याळ खिशातून मनगटावर आले. १९१५ साली ब्राइटलिंग कंपनीने चावीपासून वेगळी अशी कळ बसवली, आणि १९३४ मध्ये दुसरी कळ आली. एक सुरू करण्या-थांबवण्याची, दुसरी शून्यावर आणण्याची. खेळ मध्येच थांबला, तर काटाही थांबवावा आणि तेथूनच पुढे चालवावा, अशी सोय झाली.

जुन्या क्रोनोग्राफच्या तबकडीच्या कडेला बारीक आकडे दिसतात. ते शोभेसाठी नसतात बरे का! ती कोणाची तरी गरज असते. डॉक्टरने नाडीचे १५ ठोके मोजून कळ दाबली, की मिनिटाला किती ठोके ते काटाच दाखवी. मोटारीने एक किलोमीटर ३६ सेकंदांत तोडला, तर काटा १०० वर थांबे. वेग ताशी १०० किलोमीटर. तोफेचा उजेड आणि आवाज यांवरून सैनिक शत्रूचे अंतर काढी. आपले विजेचे गणित ते हेच.

पुढे हे घड्याळ पृथ्वी सोडून गेले. अमेरिकेच्या नासा संस्थेने काही घड्याळे तापवली, गोठवली, हादरवली, हवा नसलेल्या पोकळीत ठेवली. त्यांतून १९६५ मध्ये ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर पसंत झाले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानाची प्राणवायूची टाकी फुटली. वीज वाचवण्यासाठी यंत्रे बंद करावी लागली. परतीची वाट सुधारण्यासाठी एंजिन नेमके १४ सेकंद चालवायचे होते. ते सेकंद जॅक स्विगर्टने मनगटावरच्या घड्याळावर मोजले. तिघेही सुखरूप घरी आले.

पण त्याच सुमारास या घड्याळांचे दिवस फिरले. १९६९ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या झेनिथ कंपनीने आपोआप चावी बसणारा क्रोनोग्राफ जाहीर केला. नाव 'एल प्रिमेरो', म्हणजे 'पहिला'. त्याचे तासाला ३६,००० ठोके पडत, म्हणून सेकंदाचा दहावा भाग मोजता येई. त्याच डिसेंबरात जपानच्या सेइको कंपनीने सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले. पुढे अशी घड्याळे स्वस्त झाली. वेळही अधिक अचूक दाखवत. स्विस कारखान्यांतील हजारो हातांचे काम गेले.

१९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकन मालकांनी हुकूम काढला: यांत्रिक घड्याळे बंद, अवजारे विकून टाका. शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिराला ते सोसवेना. त्याने साचे, कटर, नकाशे गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर नेले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि कोणते अवजार कशाचे, हे वहीत लिहून ठेवले. १९८४ साली मागणी परतली, तेव्हा त्या माळ्यावरूनच एल प्रिमेरो पुन्हा खाली उतरला!

आज सेकंद मोजायला खिशातला मोबाइल पुरतो. तरीही जुन्या क्रोनोग्राफना मोल आहे. नट पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ साली १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेले. पण ती झाली श्रीमंतांची हौस. आपण घ्यायची ती व्हेर्मोची चिठ्ठी आणि वही. आपल्या गावातही सुतार, लोहार, कुंभार यांच्या माळ्यावर अवजारे पडून असतील. शिक्षकांनी मुलांना तेथे एकदा न्यावे. प्रत्येक अवजाराचे नाव काय, काम काय, ते कसे धरायचे, हे मुलांनी लिहून घ्यावे. जाणकार म्हातारा सांगायला आहे, तोवरच हे होईल. अवजार गंजले तर नवे घडवता येते. पण ते घडवायचे कसे, हे सांगणारा गेला, तर कोणती कळ दाबून काटा मागे आणणार?