तुकडा तपासणी आणि तीन प्रथिने

अंबड, घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील एखादी तिशी-पस्तिशीची स्त्री स्तनातील गाठ घेऊन दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा ती गाठ दुखत नाही एवढ्याच कारणास्तव पुष्कळदा काही महिने अंगावर काढलेली असते. आणि घरात तान्हे मूल असेल, तर 'दुधाची गाठ आहे, जिरेल' असा दिलासाही वडीलधाऱ्या बायकांनी तिला मनापासून दिलेला असतो. वास्तविक भारतीय स्त्रियांना हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी गाठतो, त्यामुळे केवळ वय लहान म्हणून गाठीला निरुपद्रवी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु गाठ कर्करोगाची आहे असा दाखला मिळाल्यानंतरही एक प्रश्न उरतो, आणि तरुण रुग्णेचे पुढील आयुष्य बव्हंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते: ती गाठ कोणत्या प्रथिनांच्या जोरावर वाढते?

इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची ग्राहक-प्रथिने आणि 'हर-टू' ही ती तीन प्रथिने होत. इस्ट्रोजेनचा ग्राहक शिकागोच्या एल्वूड जेन्सन यांनी उजेडात आणला, तेव्हापासून संप्रेरकावर पोसणारी गाठ ओळखून टॅमॉक्सिफेनसारख्या स्वस्त गोळीने तिला वर्षानुवर्षे रोखून धरणे शक्य झाले. 'हर-टू'चे जनुक पेशीत प्रमाणाबाहेर वाढले असता रोग अधिक आक्रमक होतो, हे डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवले; त्यावरील ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत 1998 साली मंजूर झाले, आणि एके काळी ज्या निदानाने वैद्यही खचत, त्याच निदानावर नेमका इलाज हाती आला.

ही प्रथिने शोधण्याची रीत पाहण्याजोगी आहे. मेणात बसवलेल्या तुकड्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर प्रतिपिंडे सोडली, की संप्रेरक-ग्राहक असलेली पेशीकेंद्रे तपकिरी रंगतात, आणि शेकडा एका केंद्राने जरी रंग धरला तरी अहवाल सकारात्मक धरला जातो. 'हर-टू'चा रंग मात्र पेशीच्या कडेवर उमटतो व त्याला शून्यापासून तीनपर्यंत अंक देतात. तीन आला तर निर्णय झाला, दोन आला तर जनुकाची स्वतंत्र तपासणी केल्यावाचून निकाल देता येत नाही.

या साऱ्या नाजूक व्यवहाराचा पाया शस्त्रक्रियागृहातच घातला जातो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. काढलेला भाग तासाभरात काप देऊन, त्याच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, किमान सहा व कमाल बहात्तर तास ठेवावा असा दंडक आहे. कारण हे द्रव्य ऊतींत अत्यंत मंद गतीने शिरते, आणि अखंड भाग अर्ध्या भरलेल्या बरणीत तसाच टाकला, तर आतली प्रथिने कुजून मूळची सकारात्मक गाठ कागदोपत्री नकारात्मक ठरू शकते. मग जी गोळी त्या रुग्णेला वर्षानुवर्षे तारू शकली असती, तिचे नावही तिच्या कानी पडत नाही. जालन्यात तुकडा काढून तो छत्रपती संभाजीनगरास वा मुंबईस रवाना करायचा असेल, तर बरणीवर तो काढल्याची व द्रव्यात बुडवल्याची वेळ लिहून घेण्याइतकी दक्षता प्रत्येक नातेवाइकाने आग्रहाने मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिन्ही प्रथिने नसलेला रोग आपल्याकडील रुग्णांत सुमारे शेकडा तीस जणींत आढळतो. पश्चिमेत हे प्रमाण दहा ते पंधरा आहे, आणि तरुण वयात तो विशेषकरून दिसतो. त्याला ना ती गोळी लागू, ना ट्रास्टुझुमॅब. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा 720 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या केमोथेरपीला कार्बोप्लॅटिन या जुन्या, परवडणाऱ्या औषधाची जोड दिली असता पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांचे आयुर्मान स्पष्टपणे वाढले, पन्नाशीपलीकडे मात्र लाभ दिसला नाही, असा निष्कर्ष 2022 साली मांडण्यात आला. अशा तरुण रुग्णेच्या रक्तात बीआरसीए जनुकांतील दोषही तपासावा लागतो. तो आढळल्यास तिच्या सख्ख्या बहिणीत असण्याचा संभव निम्मा असतो, आणि मग गाठ उद्भवण्यापूर्वीच त्या बहिणीचीही तपासणी सुरू करता येते.