मिठाच्या दोन बरण्या

चेन्नईच्या मूर मार्केट संकुलातून सुटलेली गुम्मिडिपूंडी लोकल एण्णूर मागे टाकून अत्तिपट्टूकडे निघाली की बाहेरचा देखावा बदलतो. रुळांच्या कडेला मिठागरांचे चौकोनी वाफे आणि पांढरे ढीग दिसू लागतात. वीजकेंद्रं आणि बंदरं आल्यापासून ही मिठागरं आक्रसत चालली आहेत, पण एके काळी या पट्ट्यावर मद्रासचं मीठ पिकत असे. 1805 साली कंपनी सरकारने मद्रास इलाख्यात मिठाची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. पुढच्याच वर्षी मद्रास ते एण्णूर कालवा खणला गेला. बकिंगहॅम कालव्याची ही सुरुवात. त्यातून मिठाच्या नावा शहरात यायच्या. चेन्नई सेंट्रल स्थानकाजवळच्या रेल्वेच्या मालधक्क्याला आजही ‘सॉल्ट कोटॉर्स’ म्हणतात, ते तिथल्या जुन्या मिठाच्या कोठारांमुळे.

लोकलचं शेवटचं स्थानक गुम्मिडिपूंडी. पुढे थोड्या अंतरावर आंध्रची हद्द आणि पूर्वेला पुलिकतचं खारं सरोवर. इथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीमुळे देशभरातली माणसं कामासाठी येतात, त्यात आपली मराठी कुटुंबंही. नव्याने आलेल्या सुनेची पहिली तक्रार बहुतेक एकच असते: मिठाला पाणी सुटतं. कारण सरळ आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा ओलावा ओढून घेतं, आणि समुद्रकाठी ही मर्यादा वर्षातले कित्येक महिने ओलांडली जाते. मिठात मॅग्नेशियम क्लोराइड उरलं असेल तर त्याही आधी पाणी सुटतं. मीठदाणीत तांदळाचे चार दाणे टाकल्याने थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे घट्ट झाकणाची चिनी मातीची किंवा काचेची बरणी आणि कोरडा चमचा. स्टीलच्या डब्यात मीठ ठेवू नये. ओलं मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं. म्हणूनच पातेल्यात थंड पाणी घेऊन तळाशी मीठ टाकण्याऐवजी पाणी तापल्यावर टाकून लगेच ढवळावं.

तमिळ स्वयंपाकघरात ‘कल्लुप्पु’ म्हणजे खडे मीठ आणि ‘तूळ उप्पु’ म्हणजे बारीक मीठ, अशी दोन्ही असतात. नव्या घरात हळदीबरोबर मीठ आधी नेतात, शुक्रवारी खडे मीठ विकत घेणं शुभ मानतात. आपल्याकडे मीठ-मोहरीने दृष्ट काढतात, तशी इथेही मिठाने काढतात. मिठाच्या दोन बरण्या ठेवायची ही सवय प्रत्येक मराठी घराने उचलावी असं मला मनापासून वाटतं. एक बरणी जेवणाची, एक कामाची.

कामाच्या बरणीची खरी कसोटी दिवाळीच्या आधी लागते. समई, घंगाळ, तांब्या, पूजेची ताम्हनं सगळी काळवंडलेली असतात. भिजवलेल्या चिंचेत किंवा लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन घासलं की तांबं झळकू लागतं. आम्लामुळे तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळतो, मिठातला क्लोराइड त्या कामाला वेग देतो आणि खडे मीठ खरवडतंही. पण हा लेप भांड्यावर ठेवून फोनवर बोलत बसू नये. लगेच खळखळून धुवावं, कोरड्या फडक्याने पुसावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग उमटतात. कल्हई केलेल्या भांड्याला आतल्या बाजूने मीठ-चिंच लावूच नये, कल्हई उतरते. चांदीचं निरांजन काळं पडलं असेल तर युक्ती वेगळी. पातेल्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर निरांजन ठेवायचं, कढत पाणी ओतून त्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालायचा. काळेपणा हा चांदीचा गंधकाशी झालेला संयोग असतो. ॲल्युमिनियम तो गंधक ओढून घेतं आणि चांदी न झिजता उजळते. खडे जडवलेल्या दागिन्यांना हा प्रयोग नको.

बिडाच्या तव्यावर जळकं चिकटलं असेल तर खडे मीठ आणि तेलाचे दोन थेंब टाकून कापडाने रगडावं. साबणापेक्षा हे बरं, तव्याचा तेलकट थर टिकतो. मग मीठ पूर्ण काढून तवा चुलीवर वाळवावा. फ्लॉवरच्या तुऱ्यांतल्या अळ्या मिठाच्या कोमट पाण्यात वर येतात. मासळीची बुळबुळ मिठाने चोळली की सुटते. नव्या कापडाचा रंग मात्र मिठाने पक्का होत नाही. कापड रंगवताना रंग सुतात शिरावा म्हणून मीठ घालतात, पण तयार साडी घरी मिठाच्या पाण्यात बुडवल्याने ते काम होत नाही. ती वेगळी धुवावी हेच खरं.

टिकवण्याच्या कामात मात्र मिठाला तोड नाही. ते फोडींतलं पाणी बाहेर ओढतं आणि जंतूंना वाढायला लागणारं पाणी उरू देत नाही. म्हणून लोणच्याचं मीठ भाजून, गार करून घालतात. मीठ कमी करून ‘हलकं’ लोणचं करायचं असेल तर ते फ्रीजमध्येच ठेवावं. इथल्या गच्च्यांवर उन्हाळ्यात ताक-मिठात मुरलेल्या ‘मोर मिळगाय’ वाळत पडतात. आपल्या ताकातल्या मिरच्यांची ही सख्खी बहीण. पुलिकतकडून येणारं ‘करुवाडु’, म्हणजे सुकी मासळी, पाहून कोकणातल्या माणसाला खाऱ्या बांगड्याची आठवण होणारच.

औषध म्हणून मिठाचा सगळ्यात मोठा पराक्रम 1971 सालचा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी रुग्णांना पाजलं. 30 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. जुलाबात ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरावी. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंदाजाने चिमूट घालू नये. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. घसा दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मिठाच्या गुळण्या पुरतात. विषबाधेत ओकारीसाठी मिठाचं पाणी पाजणं मात्र घातक आहे. तो जुना उपाय विसरून जावा.

जेवणाच्या बरणीत आयोडीनयुक्त मीठच असावं. मे 2006 पासून देशभर आयोडीनविरहित मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतोच, शिवाय गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. तमिळनाडूच्या सरकारी मीठ महामंडळाने 2014 साली ‘अम्मा उप्पु’ आणलं, त्यात आयोडीनबरोबर लोह घातलेलं मीठही होतं. खडे मीठ खायला वापरत असाल तर पाकिटावर आयोडीनचा उल्लेख पाहा आणि ते धुऊन घेऊ नका. आयोडीन खड्याच्या पृष्ठावर फवारलेलं असतं, ते पाण्याबरोबर जातं.

राहिलं प्रमाण. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चार माणसांच्या घरात जेवणाच्या मिठाचं एक किलोचं पाकीट निदान पन्नास दिवस पुरलं पाहिजे. लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठ धरलं तर त्याहून जास्त. पाकीट फोडाल त्या दिवसाची तारीख त्यावर लिहून ठेवा. रक्तदाबासाठी कमी सोडियमचं मीठ आणणार असाल, आणि घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्या मिठात पोटॅशियम असतं.