तरुणांनी गाव सोडावे काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा विभागला. उदगीर, निलंगा पलीकडे गेले, भालकी, औराद अलीकडे राहिले. आम्हां धान्य व्यापाऱ्यांची उधारी दोन राज्यांत विखुरली, तरी पतीवर व्यवहार टिकला. आज आमची मुले पुणे, हैदराबादचा विचार करतात. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, २०१९ साली कलबुर्गीच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन लाभले. तेव्हा येथे वाव नाही असे म्हणवत नाही. परंतु अडवून बसविलेला मुलगा गादी सांभाळीत नाही, केवळ राखतो. त्याने दोन हंगाम आडतीवर बसून माल व माणूस पारखावा. मग जावयाचे तर खुशाल जावे. भांडवल आम्ही देऊ. पत मात्र गाडीत घालून नेता येत नाही. ती नव्या शहरी नव्यानेच मिळवावी लागते, हे त्याने जाणून निघावे.