पियानोकडून वाद्यवृंदाकडे : सिबेलियसची गाणी

फिनलंडचा संगीतकार ज्याँ सिबेलियस (१८६५-१९५७) जगाला ठाऊक आहे तो त्याच्या सिम्फनींमुळे. पण एकट्या गळ्याने, पियानोच्या साथीवर म्हणायची शंभराच्या आसपास गाणीही त्याने रचली. त्यांतली बहुतेक फिनिश नव्हे, तर स्वीडिश कवितांवर आहेत. सिबेलियसची घरची भाषा स्वीडिशच होती. यांपैकी काही गाण्यांची साथ त्याने पुढे वाद्यवृंदासाठी नव्याने लिहिली. पियानो होता, मग हा खटाटोप कशासाठी?

त्याचे उत्तर पियानोच्या स्वभावात आहे. पियानोत हातोडी तारेवर पडते, सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. तो टिकवायचा तर तेच सूर भराभर, थरथरत्या बोटांनी पुनःपुन्हा वाजवावे लागतात. सिबेलियस मूळचा व्हायोलिन शिकलेला. गजाने सूर हवा तितका लांबविता येतो, हे त्याच्या हातांना माहीत होते.

‘होस्टक्वेल’ हे त्याचे १९०३ सालचे गाणे घ्या. नावाचा अर्थ शरदातली संध्याकाळ. पण आपला चांदण्याचा शरद येथे आणू नका. कवी व्हिक्टर रिडबेरी याने रंगविली आहे ती उत्तरेकडची उदास सांज : ढग, वारा, काळवंडणारे रान आणि त्यात उभा एकटा वाटसरू. १९०४ मध्ये सिबेलियसने हे गाणे वाद्यवृंदाला दिले. आता गंमत पाहा. वादक वाढले, तर गाणारा गर्दीत हरवावा. येथे उलटेच होते. लांबच लांब सुरांचा विस्तीर्ण पट मागे पसरतो आणि त्यापुढे तो एक आवाज अधिकच एकाकी वाटू लागतो.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. गायक एखाद्या शब्दावर क्षणभर रेंगाळला, तर पियानोवाला आपल्या पेटीवाल्यासारखा त्याच्यासाठी थांबतो. पन्नास वादकांना तसे थांबवायला संचालकाची काठी लागते. शिवाय गळ्याच्या पट्टीतच पितळी वाद्ये गरजू लागली, तर शब्द बुडालेच म्हणून समजा. म्हणून साथ लिहिणाऱ्याचे खरे कसब कोठे वाजवू नये, हे जाणण्यात आहे. सिबेलियसचे जावई, संचालक युस्सी यालास यांनी आणि इतरांनीही त्याच्या गाण्यांना वाद्यवृंदाची साथ लिहिली आहे. तेव्हा अशी ध्वनिमुद्रिका ऐकताना ही साथ कोणाच्या हातची, हे जरूर पाहावे.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकासाठी सिबेलियसने १९०९ मध्ये गिटारच्या साथीचे एक गाणे केले होते. त्यात मरणाला ‘ये’ म्हटले आहे. पुढे जवळजवळ तीस वर्षे त्याने एकही मोठी नवी कृती जगापुढे आणली नाही. आणि १९५७ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, किम बोर्ग या गायकासाठी त्याने तेच जुने गाणे पुन्हा हाती घेतले. त्याने साथीला घेतली ती केवळ तंतुवाद्ये आणि हार्प. त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला.

साऱ्या वाद्यवृंदाचे मर्म जाणणाऱ्या या म्हाताऱ्याने अखेरीस किती थोडे मागितले, हे ऐकण्याजोगे आहे.