थोडे भांडवल, नाजूक प्रकृती

जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या कौटुंबिक बचतीवर रॉकेलचा व्यापार सुरू केला, ही हकिकत व्यापारी घरांत आजही कौतुकाने सांगितली जाते. मात्र त्या वेळी ते पंचविशीत होते. पन्नाशी ओलांडलेला, मधुमेह जडलेला आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला गृहस्थ आयुष्याची शिल्लक घेऊन व्यवसायात उतरू पाहतो, तेव्हा त्याला धाडसाइतकीच मर्यादेची गरज असते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील परिग्रहपरिमाण हेच शिकविते: किती, हे आधीच ठरवावे.

समजा, कापडाच्या पेढीवर दिवाणजी असलेल्या अशा गृहस्थाला आता दिवसभराची दगदग झेपत नाही. गाठीशी चार लाख रुपये आहेत आणि पत्नीच्या हाताला खाकऱ्याची उत्तम चव आहे. अशा वेळी बाजारात गाळा घेऊन अनामत, फर्निचर व मालात सारी रक्कम घालण्याचा मोह होतो. पुढे महिनाभर रुग्णालयात राहावे लागले, तर दुकान बंद पडते. भाडे मात्र चालूच राहते. मग घरातील दागिने गहाण ठेवण्याची वेळ येते.

त्याऐवजी रकमेची प्रथम वाटणी करावी. दीड लाख आजारपणासाठी पती-पत्नीच्या संयुक्त मुदत ठेवीत, दोघांपैकी कोणालाही रक्कम काढता येईल अशा सूचनेसह ठेवावेत. एक लाख काही महिन्यांच्या घरखर्चासाठी राखावा. उरलेल्या दीड लाखातील एक लाखच व्यवसायात घालावा. तो संपला तर थांबायचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

धंद्याची निवडही प्रकृती पाहूनच करावी. मालक पंधरा दिवस अंथरुणावर असला, तरी ज्याचे फारसे बिघडणार नाही, तो धंदा बरा. खाकरा, पापड, मसाले हा टिकाऊ माल घरीच, मागणीनुसार करता येतो. काम सूर्यास्तापूर्वी आटोपले, तर चौविहारही सांभाळला जातो आणि औषधाची वेळही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण लांबविणे धोक्याचे असते. म्हणून गिऱ्हाईक थोडे थांबले तरी चालेल. पर्युषणातील उपवासही डॉक्टरांना विचारूनच करावेत.

नोकरी सोडण्यापूर्वी विम्याचा विचार अवश्य करावा. मालकाने काढलेल्या समूह आरोग्य विम्याचे संरक्षण सामान्यतः नोकरीबरोबरच संपते. त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाता येईल का, याची चौकशी राजीनाम्याआधीच करावी. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा करण्यात आला आहे. अर्जात आजार लपवू नये. हप्ता थोडा वाचविण्यासाठी केलेली लपवाछपवी ऐन गरजेच्या वेळी दावा बुडविते.

खाद्यपदार्थासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि स्वतः माल तयार करणाऱ्यास तिचा मोठा उपयोग होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार खरेदीदाराने त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयाचे असतात. तथापि कायदा पाठीशी असला तरी उधारी कमीच ठेवावी; अडकलेली रक्कम औषधाच्या दुकानात चालत नाही. मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, परंतु विक्रीची घडी बसल्यावरच ते घ्यावे.

शेवटची गोष्ट घरातली. रोजमेळ, येणे-देणे, विम्याची कागदपत्रे आणि औषधांची यादी पत्नीला व मुलांना ठाऊक हवी. आजार लपवून धंदा करणारा कर्ता कुटुंबाला अंधारात ठेवतो. पहिल्या दिवाळीच्या चोपडापूजनात नफ्याचा आकडा लहान असेलही. पण आजारपणाची ठेव शाबूत असेल आणि कोणाचे देणे नसेल, तर ते वर्ष चांगले गेले असे खुशाल समजावे.