फटफटीची बैठक

बैठकीच्या बाबतीत आपण मराठी माणसे फार चोखंदळ. गाण्याला बसायचे तर लोड-तक्के हवेत, जेवायला बसायचे तर पाट हवा, आणि त्या पाटाचा एक पाय लंगडा असला तरी घास घशाखाली उतरत नाही. आरामखुर्ची घेताना दुकानात चारदा बसून-उठून पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. पण दोन लाखांची मोटरसायकल घेताना हाच गृहस्थ काय पाहतो? रंग पाहतो, आवाज ऐकतो, लिटरला किती जाते ते विचारतो. ज्या दीड हात गादीवर पुढची दहा वर्षे त्याला आणि त्याच्या कुटुंबाला काढायची असतात, तिच्यावर तो दुकानात फार तर दोन मिनिटे टेकतो. कुटुंब तर बसतच नाही. ते पेढ्यांचा पुडा हातात धरून बाजूला उभे असते.

मोटरसायकलला आमचे वडील फटफटी म्हणत. मलाही तोच शब्द आवडतो. माझे वय एकोणसाठ, उंची सहा फूट एक इंच. सौभाग्यवतींची पाच फूट दोन. गेली चोवीस वर्षे आम्ही दोघे सुट्टी मिळाली की फटफटीवरून हिंडत आलो आहोत. वाई, महाबळेश्वर, पन्हाळा, गणपतीपुळे, आणि दर दिवाळीला सावंतवाडी. कारण तिचे माहेर तिथले. सध्याची गाडी साडेतीनशे सीसीची आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. इंजिनाबद्दल तक्रार नाही, ब्रेक चांगले, चालते झोकात. मात्र तिची गादी पहिले पाऊणशे किलोमीटर गादी असे आणि मग फळी होई.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट. पुण्याहून पहाटे निघालो. खंबाटकी ओलांडली, सातारा गेले आणि कऱ्हाडला चहासाठी थांबलो. सौभाग्यवतींनी हेल्मेट काढले, शांतपणे चहा घेतला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही या मागून. मी इथून एस.टी.ने जाते." भांडण नाही, तंटा नाही. पिशवी उचलली आणि स्टँडात शिरल्या. पुढचे दोनशेहून जास्त किलोमीटर मी रिकामी मागची सीट घेऊन गेलो. रात्री माहेरच्या ओटीवर त्यांनी निकालही सांगून टाकला: "यापुढे तुम्ही खुशाल जा. मला काही हे झेपत नाही." निवृत्तीनंतर दोघांनी भारतभर हिंडायचे असा आमचा बेत होता आणि निवृत्तीला उरले होते चार वर्षे. तेव्हा प्रश्न केवळ गादीचा नव्हता, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मी पेशाने हिशेबनीस. त्यामुळे दुखते कुठे आणि का, याची आधी खतावणी मांडली.

बसल्यावर आपले वजन सगळ्या मांडीभर पसरते अशी आपली समजूत असते. वस्तुतः कमरेच्या हाडांना तळाशी दोन बोथट टोके असतात, आणि ताठ बसले की वजनाचा मोठा भाग त्या दोन टोकांवर येतो. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग आग. घरी खुर्चीवर आपण नकळत चुळबुळ करून दाब इकडचा तिकडे करीत असतो. फटफटीवर पुढे टाकी आणि मागे बायको असल्यावर चुळबुळ करणार कुठे?

या दोन हाडांमधले अंतर मोजायची एक सोपी रीत सायकलवाले वापरतात. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कठीण स्टुलावर ठेवून त्यावर गुडघे किंचित वर घेऊन मिनिटभर बसायचे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी लावायची. माझे माप साडेचार इंच भरले, सौभाग्यवतींचे सव्वापाच. बायकांच्या कमरेची हाडे निसर्गतःच रुंद, त्यामुळे हे माप बहुधा पुरुषांपेक्षा जास्तच येते. आता गाडीकडे वळा. सीट माझ्याखाली अकरा इंच रुंद आणि तिच्याखाली सात! त्यातही कडा गोलावलेल्या. म्हणजे तिची दोन्ही हाडे सपाटीवर नव्हे, तर दोन बाजूंच्या उतारांवर टेकत होती. चोवीस वर्षे ही बाई निरनिराळ्या गाड्यांवर अशीच बसत आली. पहिली काही वर्षे तर साडी नेसून एका बाजूला पाय सोडून. त्या बसण्यात एकाच अंगावर भार येतो आणि कण्याला पीळ बसतो. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आणि मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड व फूटरेस्ट असलीच पाहिजे, असे आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. मागच्या सीटच्या रुंदीबद्दल मात्र तो काही बोलत नाही.

रोग कळल्यावर वैद्य गोळा होतात. शेजारचे म्हणाले, चांगला जाडजूड मऊ फोम घाला. चिरंजीवांनी जेलची गादी सुचवली. कचेरीतल्या एकाने मेमरी फोमचे नाव काढले आणि तो अमेरिकेच्या अंतराळ संशोधनातून आला आहे, असे सांगून माझ्यावर छाप पाडली. गोष्ट खरी आहे; १९६६ साली तो फोम नासासाठीच विमानातल्या आसनांच्या कामी तयार झाला. पण त्याचा स्वभाव उष्णतेवर अवलंबून. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि थंडीत ताठरतो. लडाखच्या पहाटे त्यावर बसणे म्हणजे पाट्यावर बसणे. जेल दाब बरा पसरवते, परंतु काळ्या रेक्झिनखाली मे महिन्याच्या उन्हात तासभर ठेवून मग त्यावर बसून पाहावे. हवेची गादी या सगळ्यांत मला जास्त पटते, पण ती घट्ट फुगवून उपयोग नाही. आधी फुगवायची, वर बसायचे आणि मग हाडे तळाला टेकणार नाहीत इतपतच हवा ठेवून बाकीची सोडून द्यायची.

अखेर नाना पेठेत गेलो. फटफट्यांचे सुटे भाग, आरसे, हँडल, सीटा यांची पुण्यातली ती पेठ. तिथे एका गल्लीत तीस वर्षे गाद्या शिवणारे एक चाचा आहेत. त्यांनी आमच्या सीटवर अंगठा रोवला आणि म्हणाले, "साहेब, अंगठा पत्र्याला लागतोय. ही गादी फक्त दुकानात मऊ." मऊ फोम वजनाखाली पूर्ण दबतो आणि मग हाड थेट तळाच्या पत्र्याशी बोलू लागते. म्हणून खाली दाबलेल्या तुकड्यांचा कडक फोम आणि वर अर्धा-पाऊण इंच त्याहून नरम, असे दोन थर हवेत. बाजारात ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असे बोलतात, त्यानेही पुष्कळ लोक फसतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, कडकपणाचा नव्हे. चाळीस डेन्सिटीचा फोम नरमही मिळतो आणि कडकही.

(जाता जाता: हे फोमचे प्रकरण फार जुने नाही. रबराच्या चिकाचा फोम डनलॉप कंपनीने १९२९ मध्ये बर्मिंगहॅमला बनवला, आणि आजच्या फोमचे मूळ असलेले पॉलियुरेथेन ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये शोधले. त्याआधी चामड्याचे खोगीर आणि खाली दोन जाड स्प्रिंगा. मागच्या चाकाला स्प्रिंगच नव्हती त्या काळात कण्याचा सारा भरवसा त्या दोघींवर.)

खरा पेच पुढेच होता. माझे पाय लांब. सीटपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर अठरा इंच, म्हणजे गुडघा काटकोनापेक्षाही जास्त दुमडलेला. दोन तासांनी पाय खाली टेकवताना गुडघ्याचे बिजागर करकरते. चाचांनी माझ्याकडे पाहिले, खडूने सीटवर एक रेघ मारली आणि म्हणाले, "पायरी दोन इंच मागं घेतो. साहेब मागं सरकतील, पाय मस्त उघडतील."

सौभाग्यवती स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी विचारले, "आणि हे दोन इंच आणायचे कुठून?"

दुकानात क्षणभर कोणी बोलेना. सीट सगळी मिळून सत्तावीस इंच. पंधरा माझे, बारा तिचे. कारखान्यातून आलेल्या या वाटणीत आणखी दोन इंच मी माझ्याकडे ओढले असते, तर गुडघा माझा सुटला असता आणि कंबर तिची मोडली असती. चाचांनी रेघ पुसली. "ताई, तुम्ही आधी बसून दाखवा," म्हणाले. मागे बसणाऱ्या बाईचे माप घ्यायची वेळ आपल्यावर तीस वर्षांत दुसऱ्यांदाच आली, असे त्यांनीच नंतर सांगितले.

मग ठरले की जागा मागून न काढता वरून आणि खालून काढायची. माझी सीट सव्वा इंच उंच केली. उंची वाढली की पाय जमिनीला पुरत नाहीत, अशी धास्ती असते. पण पाय केवळ उंचीमुळे अडत नाहीत, सीटच्या पुढच्या रुंदीने मांड्या फाकल्या की तेवढी लांबी वाया जाते. चाचांनी टाकीजवळ दोन्ही अंगांनी फोम तासून सीट निमुळती केली, आणि मला तर पूर्वीपेक्षा सोपे वाटू लागले. टाकीकडे घसरवणारा उतारही काढून टाकला. तिच्या बाजूला तळाच्या पत्र्याला फायबरच्या पट्ट्या जोडून सात इंचांचे साडेनऊ केले आणि इंचभर उंची दिली, त्यामुळे तिचेही गुडघे उघडले.

खालून आणखी एक इंच मिळाला. फूटरेस्ट खाली उतरवणारे तयार ब्रॅकेट मिळतात, बोल्टवर बसतात. त्यांच्यासाठी चासी कापायची किंवा वेल्डिंग करायची गरज नाही, आणि कोणी करतो म्हणाला तरी करू देऊ नये. गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरबदलांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी वेल्डिंगपाशी तुटलेल्या चासीवर दोघे बसलेले असतात. फूटरेस्ट खाली गेले की गिअरचा पाय दातेरी दांड्यावर एक दाता खाली घ्यावा लागतो. मागचा ब्रेकही त्याच हिशेबाने खाली, आणि त्याबरोबर ब्रेकच्या दिव्याचा स्विच. नाहीतर दिवा एक तर पेटत नाही किंवा विझत नाही. घाटातल्या वळणावर गाडी फार कलली, तर उतरवलेले फूटरेस्ट रस्त्याला घासू शकते. म्हणून वर दुमडणारेच घ्यावे. लेगगार्डावर जास्तीचे फूटरेस्ट लावून पाय लांब पसरणारे पुष्कळ दिसतात. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे ठीक. पण तेव्हा पाय ब्रेकपासून दूर असतो आणि खड्ड्याचा दणका सगळा माकडहाडावर येतो. मला ते पटत नाही.

एक फुकटातली गोष्ट बहुतेक लोक करीतच नाहीत. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. दोघे आणि सामान असले की ती पान्याने एक-दोन घर पुढे फिरवायची. एरवी स्प्रिंग आधीच दबलेली राहते आणि प्रत्येक गतिरोधक मागच्या माणसाच्या मणक्यांत जाऊन बसतो. टायरमधली हवाही दोघांच्या हिशेबाने भरावी. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शेवटी कॅरिअरवर तिच्या पाठीला सहा इंच उंचीची टेकण लावली, कमरेच्या खोलगट भागाला लागेल एवढीच. सीट बत्तीसशे, ब्रॅकेट अठराशे, टेकण चौदाशे.

नवी गादी पहिले चार-पाचशे किलोमीटर कडकच लागते. वाईला दोन खेपा करून ती बसवून घेतली आणि गेल्या दिवाळीत सावंतवाडीला निघालो. दर तासाला थांबायचे, ही सौभाग्यवतींची अट; गादी कितीही उत्तम असली तरी ती मोडू नये असे आता मीच सांगतो. कऱ्हाडला चहा झाला, वडाही झाला. निपाणीला बटव्यातून लाडू निघाले. आजऱ्याच्या पुढे तिचा डावा गुडघा बोलू लागला, तेव्हा झाडाखाली पंधरा मिनिटे बसलो, आंबोलीच्या घाटात धुके होते आणि मागून पहिल्यांदाच पत्ता विचारल्यासारखा प्रश्न आला, "हिरण्यकेशीला वळायचं का?" वळलो.

माहेरी रात्री फराळाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून सगळ्या घराने आळीपाळीने स्टुलावर बसून घेतले. मेहुण्याची स्कूटर काही कामासाठी पुढच्या महिन्यात टेम्पोतून पुण्यात येणार आहे. तिच्या मागच्या सीटसाठी वहिनींनी आपले माप स्वतःच घेऊन कळवले आहे: पाच इंच आणि वर दोन सूत.